कातरबाईंचं टेबल

कातरबाईंच्या पायांत जीव उरला नाही, असं म्हणणाऱ्याने त्यांची लाथ खाल्लेली नसणार. सुनेने खाल्ली होती. सकाळी ती ओल्या फडक्याने पाय पुसायला घ्यायची, तेव्हा उजवा पाय आधी नुसता थरथरायचा, विचार केल्यासारखा थांबायचा, आणि मग एकदम सुटायचा तो नेमका तिच्या बरगडीत.

"मी नाही मारली गं," कातरबाई वरून म्हणायच्या. "पाय माझं ऐकत नाही. तुझ्यावर गेलाय."

पाठीच्या मणक्यात काहीतरी वाढलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं, पण जाता जाता ते पायांची शिस्त घेऊन गेलं. पाय लुळे पडले असते तर गोष्ट वेगळी होती. हे ताठ झाले, इस्त्री करताना जास्त खळ पडलेल्या कापडासारखे. मांड्या एकमेकींना घट्ट चिकटायच्या, पोटऱ्या एकमेकींवर चढायच्या. टाच जमिनीला टेकली, की पाऊल आपलं आपणच टकटक नाचायला लागायचं, मशीनचं पायडल मारावं तसं. "बघा, जन्माची सवय," कातरबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, "मी थकले, पण पाय अजून कामावर आहेत." गिऱ्हाइकं हसायची. मग बिचारी ओशाळायची.

कातरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्यांनी कापलेला कोट ज्याने एकदा घातला, त्याला दुसरं नाव सुचायचं नाही. घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं, रस्त्याकडे काचेचं दार, भिंतीला लागून दोन मशिनी, कोपऱ्यात इस्त्री, आणि मधोमध ते टेबल. चांगलं कमरेपर्यंत उंच, कडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. टेबलावर कातरबाईंचं राज्य आणि मशीनवर सुनेचं. लग्न होऊन आल्यापासून सून शिवत होती. त्या काळ्या मुठीच्या मोठ्या कात्रीला तिने एकदाच हात लावला होता, नवी असताना, दोरा तोडायला. कातरबाईंनी कात्री तिच्या हातातून काढून घेतली, धुतली, पुसली, तेल लावलं आणि म्हणाल्या, "दोरा दातांनी तोडायचा. तोंड नुसतं खायला दिलेलं नाही."

सुरुवातीच्या आठवड्यात सुनेने शिवलं त्यापेक्षा उसवलं जास्त होतं, म्हणून तिला 'उसवण' म्हणायला लागल्या, ते आजतागायत. "ए उसवण, बाही लाव." "उसवणबाई, गिऱ्हाइकाला पाणी द्या." आता तिच्या टाक्याला कुणी नाव ठेवलं नसतं. पण शिवणारे गल्लीला दोन मिळतात, आणि गिऱ्हाईक येतं ते कापणाऱ्याकडे. हे कातरबाईंना ठाऊक होतं आणि सुनेलाही. ज्याच्या हातात कात्री, त्याचं दुकान. सुनेला दागिना नको होता, परगावची सहल नको होती. तिला त्या टेबलाशी उभं राहायचं होतं. आणि तिथे आधीच कुणीतरी उभं होतं.

कसं उभं, ते सांगायला हवं. कातरबाईंची चाकाची खुर्ची टेबलाला भिडवायची. त्या दोन्ही तळव्यांनी मांड्यांवर फटाफट मारायच्या, टाचा फरशीवर आपटायच्या, आणि पाय चिडून ताठ झाले रे झाले, की टेबलाची कड धरून स्वतःला वर ओढायच्या. मग ते पाय खांबांसारखे रुतून बसायचे. मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, टेबलाला एक रुंद पट्टा बसवून दिला होता. तो कमरेमागून आवळला की झालं. जो ताठरपणा रात्री त्यांना रडवायचा, त्याच्याच जिवावर त्या दिवसा उभ्या राहायच्या. "शत्रूकडून काम करून घ्यावं," असं त्या म्हणत. आणि सुनेकडे बघत.

एका सकाळी मात्र पायांनी असा झटका दिला, की त्या खुर्चीतून फरशीवर फेकल्या गेल्या. मुलाचा चेहरा पांढराफटक. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसं वरून खाली पडण्याची त्याला धंद्यापोटीच भीती. लगेच डॉक्टर.

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी पाय वाकवून पाहिले, पावलाचं नाचणं पाहिलं आणि एक छोटी पांढरी गोळी लिहून दिली. "हिच्याने स्नायू सैल पडतात. अगदी थोडी सुरू करू, हळूहळू वाढवू. फार झोप यायला लागली, जीभ जड झाली, पाय नको इतके ढिले पडले, तर पुढे वाढवायची नाही, मला कळवायचं. झोपेचं दुसरं काही बरोबर द्यायचं नाही. आणि बरं वाटतंय म्हणून, किंवा वाटत नाही म्हणून, मनाने एकदम बंद तर मुळीच नाही. ताप चढतो, झटके येतात, नाही नाही ते दिसतं."

"म्हणजे लिफ्टसारखंच," मुलगा म्हणाला. "मजल्यामजल्याने वर, मजल्यामजल्याने खाली."

"मेल्या, तुझ्या लिफ्टा मध्येच अडकतात म्हणून तर लोक तुला बोलावतात," कातरबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "चालता का थोडंफार?"

"नाही हो, कुठलं चालणं," कातरबाईंनी सांगितलं. खोटं नव्हतं ते. चालण्याचं विचारलं होतं, उभं राहण्याचं नाही. टेबलाचं कळलं तर हा पोरगा तेही बंद करील, एवढं त्यांनी ताडलं होतं. मुलगा बोलायला गेला, तर त्याचा दंड चिमटला.

गोळ्यांनी काम चोख केलं. आठवडाभरात रात्री शांत झाल्या, लाथ बंद झाली. सुनेने पहिल्यांदा ते पाय मनाजोगते पुसले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आणि दुसऱ्याच आठवड्यात, कार्यक्रमांत गाणारी एक बाई, जुनं गिऱ्हाईक, मापाला आलेली असताना, टेबलाशी कातरबाईंचे गुडघे विरघळले. आवाजसुद्धा झाला नाही. पट्टा होता म्हणून पडल्या नाहीत, नुसत्या लोंबल्या, हँगरवरच्या कोटासारख्या, कात्री हातात तशीच. गाणारी बाई किंचाळली. तिचा आवाज मोठाच. चार दुकानांना ऐकू गेला. सुनेने आणि तिने मिळून कातरबाईंना खुर्चीत घातलं.

कातरबाईंची नजर सुनेच्या तोंडावर होती. सुनेच्या तोंडावर हसू नव्हतं, खरंच नव्हतं. पण कातरबाईंना जे दिसायचं ते दिसलं.

संध्याकाळी मुलाने पट्टा उखडून टाकला. "आता उभं राहणं बंद. बसून काप, नाहीतर हिला कापू दे."

"बसून कापीन," कातरबाई म्हणाल्या.

आणि कापू लागल्या. मजा अशी, की त्याच महिन्यात रात्रीच्या उबळी परत आल्या. पाय पुन्हा खांब, पाऊल पुन्हा पायडलवर, लाथ पुन्हा बरगडीत. डॉक्टरांनी डोस वाढवला. फरक नाही. आणखी वाढवला. तरी नाही. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"मी घेते हो," कातरबाई गरीब आवाजात म्हणाल्या. घरी त्यांचा तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. "मला मिळतात तेवढ्या घेते. डबा हिच्या ताब्यात आहे. आता ती देते का खडीसाखर देते, मला म्हातारीला काय कळणार?"

परतीच्या वाटेवर नवरा बायकोशी बोलला नाही. घरी आल्यावर बोलला, आणि ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. "तुला तिचा राग असेल, मी समजू शकतो. पण औषधाशी खेळ नको गं."

सून मशीनवर बसली आणि एक अख्खी शिवण वेडीवाकडी मारून परत उसवली. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. जिभेवर ठेवून पाणी दिलं होतं, घोट गिळताना गळा हललेला पाहिला होता.

उलगडा झाला तो दोन दिवसांनी, दोन तुकड्यांत. ती एका शाळेचे गणवेश पोचवायला गेली होती, शाळा लवकर सुटलेली, फाटकाला कुलूप. पिशवी घेऊन तशीच परत आली, तर काचेच्या दारातून दिसलं: कातरबाई उभ्या होत्या. पट्टा नाही, आधार नाही. पोट टेबलाच्या कडेला दाबलेलं, पाय ताठ, टाचा नाचतायत, सगळं अंग मशीनवर ठेवल्यासारखं थरथरतंय, आणि कात्री मात्र पाण्यातून होडी जावी तशी लांबलचक घेराच्या कापडातून सरळ चाललेली. तो घेर बसून कापणं शक्यच नव्हतं. आपल्या हे आधी ध्यानात कसं आलं नाही, याचाच सुनेला राग आला. आणि रागाच्या आत, नको असताना, दुसरंही काहीतरी आलं. असं कापणं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, म्हातारीला बसायला वेळ मिळावा म्हणून. एवढी माणुसकी तिच्याकडे त्या दिवशी होती.

दुसरा तुकडा सापडला दुपारी. कातरबाई आत पडल्या होत्या. सुनेला एका बाहीवर खूण करायची होती. तिचा खडू संपला, म्हणून टेबलावरच्या सासूच्या डबीत तिने हात घातला. खडूचे झिजलेले तुकडे, नखाएवढे. त्यातला एक घेऊन तिने रेघ ओढली. उमटली नाही, नुसता भुगा पडला. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसरा तिने डोळ्यांजवळ नेला. गोल होता. कडा ओल्या होऊन सुकलेल्या, मधली चीर अजून दिसत होती.

तिने डबी उपडी केली. निम्मा खडू होता आणि निम्म्या गोळ्या. गालात धरायच्या, पाणी प्यायचं, गळा हलवायचा, आणि टेबलाशी आल्यावर बोटाने काढून डबीत टाकायच्या. खडूच्या डबीत उसवण हात घालणार नाही, कारण तिची तेवढी हिंमतच नाही. बरोबरच हिशोब होता.

सुनेने सगळं होतं तसं डबीत भरलं. डबी उचलून संध्याकाळी नवऱ्यापुढे ठेवायची, एवढंच काम होतं. मग काय झालं असतं? तो आईच्या पायाशी बसून रडला असता. आई म्हणाली असती, मला उभं राहायचंय रे. तोही विरघळला असता, डॉक्टरही विरघळले असते, गोळी कमी झाली असती, पट्टा पुन्हा ठोकला गेला असता. आणि सून पुन्हा मशीनवर. खरं बोलून तिच्या पदरात काय पडणार होतं? तर "चुकलो हं आम्ही," एवढं एक वाक्य. तेही नवऱ्याचं, सासूचं नाहीच.

संध्याकाळी नवरा घरात असताना तिने गोळ्या काढल्या. डॉक्टरांनी शेवटी लिहून दिलेल्या, वाढत वाढत गेलेल्या, तेवढ्या सगळ्या. एकही जास्त नाही.

"आई, तोंड उघडा." कातरबाईंनी उघडलं. तिने गोळ्या ठेवल्या, पाणी दिलं, गळा हलला. "आता परत उघडा."

"काय?"

"तोंड. जीभ वर करा. डावा गाल. उजवा." आणि नवऱ्याकडे वळून, अगदी मऊ: "चिकटून राहतात हो कधी कधी. म्हणून तर लागू पडत नसतील."

नवऱ्याचे डोळे भरून आले. "आई, बघ किती जपते तुला."

कातरबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कातरबाईंकडे पाहिलं. डावा गाल फुगलेला होता. त्या क्षणी दोघींपैकी कुणीही एक वाक्य बोललं असतं तर पुढचं टळलं असतं. सासूने म्हणायचं होतं, मी इतके दिवस घेतलेल्याच नाहीत, एकदम एवढ्या नका देऊ. सुनेने म्हणायचं होतं, मला माहीत आहे. पण सासू बोलली असती तर ती लेकापुढे खोटी ठरली असती. सून बोलली असती तर टेबल गेलं असतं.

कातरबाईंनी गिळलं. खरोखरचं. मग तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

"शहाण्या आहात," सून म्हणाली.

शरीराला हळूहळू चढवायचं म्हणाले होते डॉक्टर, नवऱ्याच्या भाषेत मजल्यामजल्याने. इथे लिफ्ट तळमजल्यावर उभी होती आणि कागदावर सातवा मजला लिहिलेला होता. सुनेला हे कळत नव्हतं असं नाही. तिने मनाशी एक वाक्य तयार ठेवलं होतं: लिहिलंय तेवढंच देते. असं वाक्य हाताशी असलं की माणूस कुठवर जातो, त्याला सीमा नाही.

दुसऱ्या दिवशी कातरबाईंचे पाय मऊ पडले. तिसऱ्या दिवशी त्या दुपारपर्यंत झोपल्या. चौथ्या दिवशी खुर्चीत बसल्या जागी मान छातीवर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. सुनेने ती पुसली. हळुवार पुसली, तिच्या हाताला दुसरं येतच नव्हतं.

"उसवण," कातरबाई म्हणाल्या. जीभ जड, शब्द ओल्या कापडासारखा. "टेबलाशी... ने."

"उद्या नेते. आज आराम करा."

"तुला... कळलंय."

"काय कळलंय, आई?"

कातरबाईंनी उत्तर शोधलं, पण ते सापडायच्या आत डोळे मिटले.

त्या दुपारी गाणारी बाई सुती कोटाचं कापड टाकून गेली होती. फोन भिंतीला होता. डॉक्टरांचा नंबर वर चिकटवलेला. फार झोप आली तर कळवायचं, जीभ जड झाली तर कळवायचं. सून फोनपाशी गेली. मग तिथून टेबल दिसलं. रिकामं, उन्हाची तिरीप पडलेलं, आणि कात्री आडवी. उद्या कळवू, असं म्हणून तिने कात्री उचलली. वाटली त्यापेक्षा जड होती. मूठ सासूच्या अंगठ्याने झिजलेली; तिचा अंगठा त्या खळग्यात बसेना, मग बसला. पहिला काप थोडा चुकला. दुसरा सरळ गेला. कापडाचा तो कुरकुर आवाज स्वतःच्या हाताखालून येतोय, यानेच तिच्या अंगावर काटा आला. आत म्हातारी घोरत होती, लांब लांब थांबून. सूनही मधेच थांबायची, पुढचा श्वास आला की पुन्हा कापायची.

पाचव्या सकाळी कातरबाई उठेचनात. हाक मारली, हलवलं, गालावर थापट्या मारल्या. ओठ निळसर, श्वास असा, की येतोय का नाही यावर पैज लावावी. नवऱ्याने त्यांना कापडाच्या गाठोड्यासारखं उचललं. पाय कुठेच अडले नाहीत. दारातून, गाडीतून, कुठूनही सहज वळले. इतके दिवस ज्या पायांना खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची, ते नुसते लोंबत होते.

हॉस्पिटलात नळ्या लागल्या, यंत्रं लागली. डॉक्टर धावत आले. "गोळ्या कशा देत होता?"

"तुम्ही लिहिल्याप्रमाणे," सून म्हणाली. "एकही चुकवली नाही."

"आधीपासून? सगळ्या पोटात जात होत्या?"

नवरा बायकोकडे बघत होता. पहिल्यांदाच आदराने.

"आधीपासून," ती म्हणाली.

डॉक्टर चक्रावले. मग रक्त तपासलं, मूत्रपिंडं जरा मंद निघाली. औषध साचत गेलं असावं, म्हणाले, या वयात होतं. स्वतःलाही दोष दिला त्यांनी, भला माणूस. सून खाली मान घालून उभी होती, आणि बघणाऱ्याला वाटलं रडतेय.

कातरबाई मेल्या नाहीत. असल्या बायका अशा मरत नाहीत. काही दिवसांनी शुद्धीवर आल्या, पाणी मागितलं, नर्सच्या गणवेशाची बाही चुकीची बसवलीय म्हणून सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. नवरा पायाशी, सून उशाशी.

"आता नव्याने सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "अगदी कमी, आणि या वेळी मी स्वतः बघत बघत वाढवणार. पण एक विचारायचं राहून गेलं होतं. काही पेशंटना हा ताठरपणा उपयोगी पडतो, उभं राहायला वगैरे. तसं असेल तर मी सगळा काढणार नाही, सकाळचा थोडा ठेवीन. नसेल, तर पूर्ण सैल करू, म्हणजे रात्री झोप लागेल आणि धुणं-पुसणं सोपं जाईल. या उभ्या राहतात का?"

"नाही नाही," नवरा म्हणाला. "पट्टा काढल्यापासून बंदच केलं ते."

"राहते," कातरबाई म्हणाल्या. आवाज खरवडलेला, पण स्पष्ट. "मी उभी राहते. रोज. हा कामावर गेला आणि ही बाहेर पडली की."

"आई, अगं, तू पडली होतीस ना..."

"हिला विचार. हिने पाहिलंय. दारातून पाहिलंय हिने. काचेत दिसली मला."

म्हणजे त्यांना तेही ठाऊक होतं. डॉक्टर सुनेकडे वळले. घरात जो सांभाळतो त्याचंच ऐकायचं, ही त्यांची रीत होती, आणि एरवी ती चांगलीच रीत आहे. "काय हो? आणि या औषधाने, त्यातून एवढ्या आजारात, भासही होतात कधी कधी. तसं काही जाणवलं का?"

कातरबाईंनी हात पुढे केला. तो सुनेचा हात शोधत होता का, हे सुनेला कधीच कळलं नाही, कारण तिने तो धरला नाही. कातरबाईंच्या डोळ्यांत तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. विनंती असावी. ओळख पटायला वेळ लागला.

"भासच होतात त्यांना, डॉक्टर," सून म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून दिलं.

घरी सगळं छान झालं. शेजारी म्हणायचे, काय नशीब काढलंय कातरबाईंनी, सून असावी तर अशी. गोळ्या वेळेवर, मापात, दुधाबरोबर. पाय लोण्यासारखे. आंघोळ घालायला त्रास नाही, लाथ नाही, रात्रीचं विव्हळणं नाही. टाच जमिनीला टेकली तरी पाऊल आता गप्प असायचं. सून ते पाय पुसताना कधी कधी तळव्यावर बोट दाबून बघायची. काही होत नसे.

टाळी वाजवून हाक मारावी तसं "ए उसवण" ऐकू यायचंही थांबलं. कातरबाई टेबलाशेजारी खुर्चीत बसायच्या, हात मांडीवर, आणि बघायच्या. सून कापायची. आधी गणवेश, मग स्कर्ट, मग कोट. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, बरीचशी टिकली. तिचं बरं चाललं होतं. फक्त प्रत्येक कापाआधी तिचे खांदे आपोआप आखडायचे, आता टोमणा येईल म्हणून. तो येत नसे. याचीही सवय होईल, असं ती मनाशी म्हणायची.

मग गाणारी बाई मखमल घेऊन आली. गडद निळी, कुठल्या कुठून मागवलेली, मोठ्या कार्यक्रमात घालायच्या पायघोळ कोटासाठी. "पुन्हा मिळायची नाही हं ही," ती तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली. "कातरबाईंच्या देखरेखीखाली होऊ दे."

सुनेने मखमल शिवली होती, कापली कधी नव्हती. टेबलावर पसरली, नमुन्याचे कागद मांडून पाहिले. कापड थोडं अपुरं पडत होतं. एक बाजू वर तोंड करून ठेवली आणि दुसरी खाली तोंड करून, तर सगळं नीट बसत होतं. खडू लावला. कात्री घेतली आणि थांबली. काहीतरी होतं, मखमलीचं काहीतरी सांभाळायचं असतं, एवढं तिला आठवत होतं. शिवायला यायची तेव्हा सगळे तुकडे आधीच बरोबर कापलेले असत; बरोबर म्हणजे काय, ते पाहायची वेळच कधी आली नव्हती.

तिने खुर्चीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने सासूला कधी काही विचारलं नव्हतं. विचारण्याआधीच ऐकायला मिळायचं.

"आई," ती म्हणाली, "असं ठेवलं तर चालेल?"

कातरबाईंनी तिला खुर्ची जवळ घ्यायला लावली. मखमलीवर तळवा ठेवला, एकदा वरून खाली फिरवला, एकदा खालून वर. मांजराला कुरवाळावं तसा, डोळे मिटून. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. सुनेला वाटलं, म्हातारीला बरं वाटलं विचारलं म्हणून. रोज विचारावं थोडंथोडं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"अगदी बरोबर मांडलंयस," कातरबाई म्हणाल्या. "काप."

तिने कापलं. सुंदर कापलं. एकही काप अडखळला नाही.

गाणारी बाई ट्रायलला आली, कोट अंगावर चढवून आरशापुढे दिव्याखाली उभी राहिली, आणि तिने एवढा मोठा श्वास घेतला की गाणारच आहे असं वाटलं. कोटाचा डावा भाग शाईसारखा काळाभोर निळा होता. उजवा भाग फिका, राखेरी, चमकणारा. लव एका बाजूला खाली झोपलेली, दुसऱ्या बाजूला वर. दोन वेगळ्या कापडांचे तुकडे जोडून विदूषकाला घालावा तसा कोट.

"हे काय आहे?" गाणारी बाई म्हणाली. "हे काय केलंय तुम्ही?"

सून आरशात बघत राहिली. मग वळली. "आई, तुम्ही हात फिरवून पाहिलं होतंत. तुम्ही म्हणालात, काप."

"मी?" कातरबाई म्हणाल्या. गरीब आवाजात. "मला काय विचारतेस बाई? मला तर भास होतात."

गाणाऱ्या बाईने कोट अंगातून उतरवला आणि टेबलावर टाकला. जाताना काचेचं दार तिने लावलं नाही. तिचा आवाज बाहेर चार दुकानांना ऐकू गेला, आणि पुढचे कितीतरी दिवस जात राहिला.

संध्याकाळची गोळी द्यायची वेळ झाली. सून दूध घेऊन आली तेव्हा कातरबाईंनी ती सांगायच्या आधीच तोंड उघडलेलं होतं, चांगलं मोठं, लहान मूल डॉक्टरला दाखवतं तसं. सुनेने गोळी जिभेवर ठेवली. कातरबाईंनी ती गिळली, दूध प्यायल्या, जीभ वर करून दाखवली, डावा गाल, उजवा गाल. पाय खाली मऊ, निवांत लोंबत होते.

मग ओठ पुसून त्या म्हणाल्या, "हं. आता कुणाचं कापायचंय?"